कोकम रिंगणात झोपायचा तेव्हा

घोडा उधळेल म्हणून लोक घाबरतात. माझं दुखणं उलटं होतं.

कोकम म्हणजे रेसकोर्सवरून निवृत्त झालेला कुमैत, म्हणजे तांबूस अंगाचा आणि काळ्या आयाळीचा, खस्सी केलेला घोडा. अलिबागजवळच्या आमच्या वाडीत आणला तेव्हा शेजारी म्हणाले, आता याला कोण धरणार! नागावच्या वाळूवर तो पळायचाही मस्त. पण ड्रेसाजच्या, म्हणजे ठरलेल्या चाली शिस्तीत करून दाखवायच्या खेळाच्या, 20 बाय 40 मीटरच्या चौकटीत शिरला की गाड्याला जुंपलेला बैल.

पहिली स्पर्धा मुंबईत, ऑक्टोबरच्या उकाड्यात. धास्तीपोटी मी 50 मिनिटं वॉर्म-अप केला. गोलावर गोल. घंटा झाली की आत शिरायला 45 सेकंद मिळतात. तोवर त्याच्या मानेवर फेस आला होता. 'ए' अक्षराच्या प्रवेशावरून आत, 'एक्स' म्हणजे चौकटीच्या मध्यावर थांबून सॅल्यूट, आणि मग स्वारी थांबलेलीच. टाच मारली. पुन्हा मारली. पाच मिनिटांत इतक्या मारल्या की माझ्याच पोटऱ्यांत गोळे आले. मार्कांच्या कागदावर दुडकीला दहापैकी 4 आणि शेरा, 'बिहाइंड द लेग'. पायाने मागितलं तरी घोडा पुढे येत नाही, असा त्याचा अर्थ.

मी दोष चंदीला दिला आणि ओट्स वाढवले. शहाणपणाच तो! अंगात मस्ती आली, पण निघायची भलतीकडे. होडीवरची ताडपत्री फडफडली की उडी, चौकटीत मात्र पुन्हा झोप.

शेवटी आमचा सईस, घोड्याची देखभाल करणारा, तोच बोलला. "कंटाललाय तो, ताई. सारख्या टाचा मारता, मंग तो कशाला ऐकल?"

राग आला, पण खरं होतं. दर पावलाला पाय लागला की घोड्याच्या लेखी तो माशी बसल्यासारखा. मग सगळं नव्याने सुरू केलं. पाय सैल सोडायचे. पोटरीने एकदाच, हलकेच विचारायचं. उत्तर नाही आलं तर लगेच पायामागे चाबकाची एक टिचकी, आणि घोडा उसळून पुढे गेला तर जाऊ द्यायचं. अवघड होतं ते हे शेवटचंच. तो पहिल्यांदा उसळला तेव्हा माझा हात आपोआप लगामावर आवळला. म्हणजे पुढे जा म्हणून सांगितलं आणि गेल्याबद्दल तोंडात हिसका दिला. त्याचे कान मागे गेले. तिसऱ्या दिवसापासून मी करंगळीत आयाळीची बट धरून बसायला लागले.

हे सगळं ओहोटीच्या कडक वाळूवर. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, तसं आमचं वेळापत्रकही. त्या ओल्या वाळूने मला शिकवलं ते कुठल्या कोचने शिकवलं नाही. कदम चालवून मागे वळून ठसे पाहायचे. घोडा ओढत चालत असेल तर मागच्या खुराचा ठसा पुढच्याच्या मागे पडतो. मनापासून चालत असेल तर ओलांडून पुढे. पहिल्या आठवड्यात मागेच. महिन्याभराने चांगले चार बोटं पुढे!

दुसरी गोष्ट घामाची. घोड्याच्या घामातून मीठ भरपूर जातं, आणि आपल्या दमट हवेत घाम वाळतही नाही, म्हणजे अंग थंड होत नाही. संध्याकाळच्या दाण्यात मीठ, पुढ्यात कायम भरलेली बादली, काम झालं की अंगावर पाणी ओतून ते निथळवायचं, पुन्हा ओतायचं.

जानेवारीत पुण्याची स्पर्धा. बोरघाट चढून आदल्या दिवशीच पोचलो. या वेळी वॉर्म-अप 20 मिनिटांचा. निम्मा वेळ लगाम लांब सोडून नुसती चाल. मग कदम, दुडकी, कदम, दर आठ-दहा पावलांनी बदल, म्हणजे पुढे काय येणार याकडे त्याचा कान राहतो. आणि त्याला अजून करायचं होतं तेवढ्यातच थांबले.

दुडकीला 6.5. कॅन्टर, म्हणजे दुडकीच्या पुढची चाल, मात्र कोपऱ्यात चुकीच्या पायावर उचलला, तिथे 4. चूक माझीच, घाईत विचारलं.

बाहेर आल्यावर सईसाला कागद दाखवला. त्याने आकड्यांकडे पाहिलंही नाही. कोकमच्या पुढच्या पायांमध्ये छातीखाली हात घातला, बाहेर काढून चोळून पाहिला. जेमतेम ओला होता.