मातीशिवाय शेती आणि मास्टर ऑफ ओरायन

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच आमच्या चोपड्यात कुत्रं पण रस्त्यावर फिरत नाही, ऊन काय असतं ते जळगाव जिल्ह्यात उन्हाळा काढलेल्यालाच कळेल, तर परवा अशाच दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी काउंटरमागे कूलर लावून लॅपटॉपवर मास्टर ऑफ ओरायन टू खेळत बसलो होतो. तेवढ्यात एक ओळखीचा पोरगा ठिबकचे जॉइनर घ्यायला आला. विशीतला असेल, मोबाईलवर दिवसभर धाडधाड गोळ्या घालणारी जमात. स्क्रीनकडे बघून म्हणे, "काका, हे काय एक्सेल आहे का?"

काका म्हणाला त्याचं जास्त लागलं. एक्सेलचं म्हणाल तर त्याची चूक नाही. काळं आकाश, त्यावर रंगीत ठिपके, ठिपक्यावर क्लिक केलं की आकडे आणि याद्या, आणि खाली कोपऱ्यात टर्नचं बटण. १९९६ चा गेम आहे तो, लोकांची लग्नं एवढी टिकत नाहीत. पण मी २००२ पासून खेळतोय आणि अजून महिन्यातून एखादा डाव होतोच. बायको विचारते यात एवढं काय आहे, तिला दर वेळी वेगळं उत्तर देतो, म्हणून म्हटलं एकदा बसून लिहूनच काढू.

सीडी आणली आमच्या दादाने. दादा म्हणजे फुईचा, आत्याचा मुलगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, पुण्याला इंजिनीअरिंगला होता, हॉस्टेलमधून दिवाळीला येताना कपड्यांपेक्षा सीड्या जास्त आणायचा, त्यावर मार्करने काहीतरी खरडलेलं असायचं. आमच्याकडे नुकताच असेंबल्ड कॉम्प्युटर आला होता, त्यावर नवे गेम रडत चालायचे पण हा पळायचा, कारण तेव्हाच तो सहा वर्षं जुना होता. दादाने पहिल्या दिवशी एवढंच सांगितलं की तुझ्याकडे एक ग्रह आहे, दोन टेहळणीची जहाजं आणि एक वसाहतीचं जहाज, आता काय करायचं ते कर. आणि तो जेवायला निघून गेला. शेवभाजी होती, मी गेलो नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आकाशगंगेत आपण एक जमात, बाकी जास्तीत जास्त सात. अस्वलासारखे बुलराथी, मांजरीसारख्या मिर्शान (बरोबर उच्चार काय ते आजपर्यंत कोणी सांगितलं नाही), दगड खाऊन जगणारे सिलिकॉइड, हेर डार्लोक, पोरं काढण्यात पटाईत साक्रा सरडे, व्यापारी ग्नोलम, निवडायला अशा एकूण तेरा जमाती. प्रत्येक ग्रहावर माणसं उचलून शेतकरी, कामगार नाहीतर शास्त्रज्ञ करायची. जहाजं स्वतः डिझाइन करायची. मग टर्न दाबायचा. सिमटेक्स नावाच्या अमेरिकन कंपनीने बनवला, मायक्रोप्रोजने विकला, आणि पहिला भाग १९९३ चा. त्या पहिल्या भागाबद्दल लिहिताना ॲलन एमरिच नावाच्या गेमिंग पत्रकाराने फोर-एक्स हा शब्द काढला, एक्सप्लोर, एक्सपांड, एक्सप्लॉइट, एक्सटर्मिनेट, म्हणजे शोधा, पसरा, पिळा आणि संपवा असे चार एक्स, आणि आज या टाइपच्या प्रत्येक गेमला सगळं जग तोच शब्द वापरतं.

पण हे सगळं इतर गेममध्ये पण आहे की. मग हाच का?

माझं उत्तर एकच, आणि ते म्हणजे संशोधनाचा नियम. आठ शाखा आहेत, बांधकाम, रसायन, जीवशास्त्र, कॉम्प्युटर वगैरे, आणि बहुतेक टप्प्यावर तुमच्यासमोर दोन-तीन गोष्टी ठेवतात आणि म्हणतात एक घे. एक. बाकीच्या गेल्या. नंतर घेऊ असं नाही, गेल्या म्हणजे गेल्या, त्या डावात तुम्ही स्वतः त्या शोधूच शकत नाही. आता बांधकामात ऑटोमॅटिक फॅक्टरी, मिसाइलचा तळ आणि जहाजाचं जाड चिलखत यातून एक निवडायचं असेल तर फॅक्टरी घेणार हे शेंबडं पोर पण सांगेल, पण शेजारी साक्रा असला आणि त्याची जहाजं तीन टर्नवर दिसत असली की मग बोट माउसवर थरथरतं.

आणि जे गेलं ते मिळवायचं कसं? शेजाऱ्याकडून. एकतर अदलाबदल करा, नाहीतर हेर पाठवून चोरा, नाहीतर त्याचा ग्रह जिंकून घ्या. म्हणजे तुमच्याकडे जे नाही त्याच्यामुळेच तुम्हाला दुसऱ्याच्या दारात जावं लागतं. सगळी मैत्री, भांडणं, लावालाव्या तिथूनच सुरू होतात. गेम बनवणाऱ्याने हे किती मुद्दाम केलं असेल मला माहीत नाही, पण मला तर वाटतं गेमचा आत्मा इथेच आहे. याचा पुरावा पाहिजे असेल तर क्रिएटिव्ह घेऊन खेळून बघा. स्वतःची जमात बनवायला दहा पॉइंट मिळतात, त्यातले आठ घालवले की क्रिएटिव्ह हा गुण मिळतो, म्हणजे प्रत्येक टप्प्यावरचं सगळंच तुमचं. सायलॉन नावाच्या जमातीला तो जन्मजातच आहे. सुरुवातीला आम्ही दोघं क्रिएटिव्हशिवाय खेळायचोच नाही, जिंकायचो पण, आणि पंधरा दिवसांत कंटाळलो. सगळंच ताटात वाढलेलं, मागायचं कोणाकडे? मग उलटं सुरू केलं. रिपल्सिव्ह घ्यायचं, त्याचे सहा पॉइंट परत मिळतात पण मग तुमच्याशी कोणी धड बोलत नाही. अनक्रिएटिव्ह घेतलं तर गेमच ठरवतो तुम्हाला काय मिळणार, तुम्ही फक्त बघायचं. एका दिवाळीच्या सुट्टीत मी अनक्रिएटिव्ह क्लॅकॉन, म्हणजे ते मुंगळ्यासारखे, घेऊन जिंकलो होतो आणि त्याचं मला दहावीच्या रिझल्टपेक्षा जास्त वाटलं होतं, घरी सांगता येत नव्हतं एवढंच.

केळीवाल्या घरातला असल्यामुळे असेल कदाचित पण मला हा नियम लगेच समजला. आमचं वावर तापीकाठी. अप्पा दर वर्षी हिशोब करत बसायचे, केळी लावायची की कापूस. केळी लावली म्हणजे ते वावर वर्षभर अडकलं, मधेच कापसाला भाव आला तर बघत बसायचं. कापूस घेतला आणि केळीला भाव चढला तरी तेच. जे नाही लावलं त्याचा भाव पेपरात वाचायचा आणि चहा प्यायचा.

दादाचं आणि माझं वीस वर्षं चाललेलं भांडण पण याच नियमावरून आहे. जीवशास्त्रात अगदी सुरुवातीला एक टप्पा येतो, तिथे हायड्रोपोनिक फार्म आणि बायोस्फिअर समोर येतात. हायड्रोपोनिक म्हणजे मातीशिवाय शेती, ज्या ग्रहावर बांधाल तिथे अन्न दोनने वाढतं, ग्रह कितीही भंगार असू दे. बायोस्फिअर म्हणजे तिथली लोकसंख्येची मर्यादा दोनने वाढते. दादा म्हणतो माणसं वाढव, माणसं असली तर सगळं होतं, अन्न दुसऱ्या ग्रहावरून मालवाहू जहाजाने आण. मी म्हणतो आधी पोटाचं बघ, जहाजं कमी पडली की तुझी ती वाढलेली माणसं मरतील. (इंटरनेटवरचे तज्ज्ञ लोक दादाच्या बाजूने आहेत, पण ते शेतकरी नाहीत.) एकदा अप्पा मागे उभे राहून बघत होते, विचारलं हे काय बांधू राहिला, मी समजावलं पाण्यावर पीक घेतात, माती लागत नाही. अप्पा बराच वेळ गप्प. मग म्हणे, "माती नही ते शेती कसानी?" आणि गेले. त्यानंतर दादा प्रत्येक डावाला मला हेच वाक्य ऐकवायचा.

नावाचं पण सांगायचं राहिलं. ओरायन म्हणजे आपलं मृग नक्षत्र. हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं, तोपर्यंत मला वाटायचं हे कोणत्यातरी राजाचं नाव असेल. ज्या मिरगावर आमच्याकडे पेरणीचं सगळं गणित बसतं, बियाण्याच्या पिशव्यांसाठी माझ्या दुकानासमोर रांग लागते, तोच हा. गेममध्ये ओरायन नावाचा एक तारा असतो, तिथे सगळ्यात भारी ग्रह, आणि त्याच्यावर गार्डियन नावाचं एक राक्षसी जहाज पहारा देत बसलेलं. ते पाडलं की जी तंत्रं दुसरीकडे कुठे शोधता येत नाहीत ती मिळतात. आणि दुसऱ्या भागातले व्हिलन अँटारन, अँटेरसचे, म्हणजे आपला ज्येष्ठा तारा, विंचवाच्या छातीतला लालसर. ओरायनवाल्यांनी त्यांना फार पूर्वी कोंडून ठेवलं होतं आणि आता ते मधूनमधून येऊन कोणाच्याही वसाहतीवर हल्ला करतात. आता गंमत बघा, आकाशात मृग आणि वृश्चिक एकमेकांच्या बरोबर समोर आहेत, एक मावळायला लागला की दुसरा उगवतो. उन्हाळ्यात आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या छतावर झोपायचो तेव्हा दक्षिणेला तो लाल ठिपका रोज दिसायचा आणि मृग बघायला थंडी यावी लागायची. मी दादाला दाखवलं तो बघ अँटेरस, तर तो पांघरूण डोक्यावर घेऊन म्हणे मग आता डिफेन्स वाढव. अजून एक, टिळकांनी वेदांच्या काळावर १८९३ ला पुस्तक लिहिलं त्याचं नाव पण ओरायन, आणि गेमचा पहिला भाग बरोबर शंभर वर्षांनी १९९३ ला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण हे कळल्यापासून मला उगाच बरं वाटतं.

आमच्यासारख्यांना हा गेम चिकटला त्याचं एक साधं कारण लाईट पण आहे. लोडशेडिंगच्या त्या वर्षांमध्ये इतर कोणताही गेम खेळणं म्हणजे डोक्याला ताप, ऐन मिशनमध्ये लाईट जायची आणि सगळं पहिल्यापासून. यात ऑटोसेव्ह दहाव्या खान्यात होत राहायचं, फार तर एखादा टर्न गेला. आणि हा गेम थांबतो हो. तुम्ही टर्न दाबत नाही तोपर्यंत आख्खी आकाशगंगा तुमच्यासाठी ताटकळत उभी. रात्री बाराला वावरात थ्री फेज यायची, मी बुलराथींचा वेढा तसाच ठेवून बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचो, चिखल तुडवत परत यायचो, पाय धुवायचो, तर बुलराथी तिथेच. मग मायचा आवाज यायचा, "रातना दोन वाजनात, जपी जाय आते!" आणि मी म्हणायचो एकच टर्न. ते एकच टर्न कधी संपलेलं मला आठवत नाही.

सुट्टीत दादा आला की हॉट सीट, म्हणजे एकाच कॉम्प्युटरवर दोघं आळीपाळीने. एकाचा टर्न चालू असताना दुसऱ्याने ओट्यावर जाऊन बसायचं असा नियम. दादा डार्लोक घ्यायचा आणि खिडकीतून बघायचा पण, म्हणजे गेममध्ये पण हेर आणि बाहेर पण. मधेच आकाशगंगेची पंचायत भरते, दोन सगळ्यात मोठे उमेदवार, लोकसंख्येप्रमाणे मतं, दोन तृतीयांश मिळाली की तो सम्राट आणि डाव खल्लास. मी एकदा ग्नोलमांना तीन तंत्रं फुकट देऊन ठेवली होती, मतदानाच्या दोन टर्न आधी. दादा म्हणे हे तर सोसायटीच्या इलेक्शनसारखं झालं. म्हटलं झालं तर झालं, निवडून तर आलो ना भो.

सगळंच चांगलं आहे असं म्हणणार नाही. शेवटचे साठ-सत्तर टर्न रटाळ असतात, तुम्ही जिंकणार हे माहीत असतं आणि तरी तीस ग्रहांवर एकेक करून काय बांधायचं ते सांगत बसावं लागतं. कॉम्प्युटर लढाईत बऱ्यापैकी मठ्ठ आहे. पण हे दुरुस्त करायला गेले आणि काय झालं ते पण बघितलं. तिसरा भाग २००३ ला आला, वेगळ्या लोकांनी बनवला, त्यात बरीचशी कामं गेम स्वतःच करतो आणि तुम्ही रिपोर्ट वाचायचे. त्या पोराने तो बघितला असता तर एक्सेल म्हणाला ते शंभर टक्के खरं ठरलं असतं. मी तीन दिवस टिकलो. मग २०१६ ला वॉरगेमिंग कंपनीने नवा काढला, दिसायला झकास, आवाज पण मोठमोठ्या लोकांचे, पण ताऱ्यांमध्ये ठरलेले रस्ते आखून दिले, या ताऱ्यावरून त्याच ताऱ्यावर जाता येतं असं. जुन्या गेममध्ये तुमच्या वसाहतीपासून इंधन पुरेल तिथे कुठेही जा, शत्रू पण कुठूनही येणार. रस्ते टाकले की नाकाबंदी करून निवांत झोपता येतं, आणि मला निवांत झोपायचंच असतं तर मी कशाला खेळलो असतो.

पहिला भाग मात्र मी उलटा, फार उशिरा खेळलो, गॉग नावाच्या गेम विकणाऱ्या साइटवर दोन्ही भाग मिळतात ते घेतले तेव्हा. (हो, पैसे देऊन. वीस वर्षांनी का होईना सीडीचं पाप फेडलं.) त्यात माणसं उचलून ठेवायची भानगडच नाही, ग्रहाला पाच पट्ट्या, सरकवल्या की झालं, म्हणून शेवटचा रटाळपणा पण कमी. आणि काही तंत्रं त्या डावात तुमच्या यादीत येतच नाहीत, तुम्हाला निवडायला पण मिळत नाही, गेमच आधी ठरवून बसलेला. म्हणजे तोच नियम पण जास्त खडूस. दादाला तो दुसऱ्यापेक्षा भारी वाटतो. आम्हाला भांडायला अजून एक विषय.

दादा आता पुण्यातच असतो, केस पांढरे, मॅनेजर वगैरे. काल रात्री पावणेबाराला त्याचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाईलने काढलेला, तिरका. नवीन डाव, ह्यूमन जमात, सात वसाहती, बायोस्फिअर सगळीकडे. अन्न उणे सहा, मालवाहू जहाजं शून्य. खाली लिहिलं होतं, काय करू?

मी लिहिलं, माती घे.