कुतच्या 'के'वरून कोळथरे

आमच्या दापोली तालुक्यात पहिल्या महायुद्धाचे कागद निघतात ते पत्र्याच्या ट्रंकेतून, जमिनीच्या कागदांखालून. हल्ली लोक त्यांचे फोटो काढून मला पाठवतात, कारण अक्षर लागत नाही. पलटणीतला कारकून भरभर लिहायचा. त्याच्या हातचे इंग्रजी 'एन' आणि 'यू' सारखेच दिसतात आणि 'डब्ल्यू' म्हणजे नुसत्या उभ्या रेघा. त्यात 'सावंत' ओळखायचा कसा?

शेजारच्या वहिनींनी एका नामावळीचं पान आणलं. पलटण 117वी मराठा. 103 आणि 110 नंबरच्या मराठा पलटणींसोबत हीसुद्धा आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराला तुर्की वेढ्यात अडकली होती, 7 डिसेंबर 1915 पासून 29 एप्रिल 1916 पर्यंत. शेवटी सुमारे 13,000 जण शरण गेले. वहिनींच्या घरात एवढंच सांगतात की पणजोबा बसऱ्याला गेले ते आलेच नाहीत. पानावर त्यांच्या नावाचे दोघे होते, बापाचं नावही एकच. तेव्हा गावावरूनच ठरणार. एकाचं गाव स्पष्ट 'खेड', दुसऱ्याचं 'रोल्थारी'. असं गाव कुणी ऐकलंय?

अशा वेळी मी अंदाज बांधत नाही. त्याच हाताने लिहिलेला, आपल्याला पक्का माहीत असलेला शब्द शोधते. शेऱ्याच्या रकान्यात 'कुत' ओळीओळीला होतं. भिंग लावून पाहिलं, तर त्या 'कुत'च्या 'के'लाही वर पोट काढलेलं, अगदी 'आर'सारखं. म्हणजे गाव 'कोल्थारी'. मोठ्याने वाचलं आणि वहिनीच म्हणाल्या, "अगो बाई, कोळथरे!" इंग्रजीत 'ळ' नाही, कारकून तरी काय करणार? जुन्या यादीतलं गाव डोळ्यांनी लागलं नाही तर तोंडाने म्हणून बघावं, आणि ऐकायला गावचं माणूस असावं.

(खेड दिसलं की जिल्हा बघा. पुण्याकडेही खेड आहे.)

एका अक्षरासाठी एवढा जीव का टाकायचा? बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही आहेत. हिंदी शिपायांच्या वाट्याला मात्र पलटणवार आकडा आला. दगडावर ज्यांना नाव मिळालं नाही, त्यांचं नाव अशा कागदांत सापडायचं. ते चुकीचं वाचणं मला सोसत नाही.

म्हणून एक विनंती. असे कागद घरात असतील तर लॅमिनेट करू नका. पेन्सिल पुसट झाली असेल तर खिडकीशी धरून बाजूने तिरपा उजेड पाडा. दाबून लिहिलेल्याचे वळ दिसतात, तेव्हाच फोटो काढा. बोट ओलं करून पान उलटू नका. तेव्हाच्या कॉपिंग पेन्सिलीत रंग असायचा, पाणी लागलं की अक्षर जांभळं होऊन पसरतं. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतली ओलसुद्धा वाईट. फोटो काढायचे ते मिरगाच्या आधीच काढा, आणि पान पूर्ण येऊ द्या. नुसत्या आपल्या माणसाच्या ओळीवरून 'के' ओळखता येत नाही.