प्रागहून गार्नेट घेताय? आधी पावतीवरचे शब्द वाचा

आईच्या पंचाहत्तरीला गार्नेटचे कानातले आणायचे, हे तिकिटं काढतानाच ठरलं होतं. बोहेमिया म्हणजे चेक देशाचा पश्चिम भाग, तिथल्या गार्नेटचं, या लाल रत्नाचं, नाव ऐकून होते. प्रागला पोचलो त्याच संध्याकाळी कार्लोवा गल्लीतल्या एका दुकानातून घेऊन टाकले. चांदीत बसवलेले, चांगले हरभऱ्याएवढे खडे, ७८०० कोरुना. एक कोरुना साधारण चार रुपये धरा आणि हिशोब करा. सहाव्या दिवशी कळलं की ते चेक गार्नेट नाहीतच.

कळलं ते तुर्नोवला. प्रागहून रेल्वेने साधारण दोन तास. रत्नं कापण्याचं शिक्षण देणारी शाळा या गावात १८८४ पासून आहे, आणि चेक गार्नेटचे दागिने घडवणारी ग्रानात तुर्नोव ही सहकारी संस्थाही इथलीच. त्यांच्या दुकानातल्या बाईंनी माझे कानातले दिव्याखाली धरले आणि शेजारी त्यांच्याकडची अंगठी ठेवली. पुढचं सांगायची गरजच उरली नाही. त्यांचा खडा बारीक, पण आतून निखाऱ्यासारखा लाल. माझा मोठा, आणि जांभळटपणाकडे झुकलेला, कोकमाच्या आगळासारखा. त्यांचा पायरोप, माझा अल्मंडाइन. दोन्ही गार्नेटच, पण बोहेमियाचा म्हणतात तो पायरोप. अल्मंडाइन आपल्या राजस्थानात भरपूर सापडतो. म्हणजे जे जयपूरला मिळतं ते मी प्रागला जाऊन कितीतरी पट किमतीत घेतलं.

प्रागला परत आल्यावर संध्याकाळीच कार्लोवातल्या त्या दुकानात गेले. त्यांनी पावती पुढे केली. पावतीवर 'ग्रानात', म्हणजे नुसतं गार्नेट, लिहिलं होतं, 'चेस्की ग्रानात', म्हणजे चेक गार्नेट, नव्हे. "आम्ही गार्नेट विकलं, तुम्ही गार्नेट घेतलं," एवढंच उत्तर. पैसे परत नाहीत, बदलूनही नाही. तोंडी मात्र पहिल्या दिवशी 'बोहेमियन, बोहेमियन' असं चारदा म्हणाले होते. तोंडी बोलण्याला काही किंमत नाही, हे मला त्या काउंटरसमोर उभं राहून कळलं. संताप अजून गेलेला नाही.

तर, घेणाऱ्यांनी हे करा. पावतीवर 'चेस्की ग्रानात' हे दोन्ही शब्द लिहून मागा. लिहायला का कू केलं की बाहेर पडा. चेक गार्नेट निसर्गतःच लहान असतो, पाच मिलिमीटरच्या वरचा दुर्मीळ. म्हणून जुन्या दागिन्यांत बारीक खडे डाळिंबाच्या दाण्यांसारखे खेटून बसवलेले दिसतात. मोठा एकटा खडा स्वस्तात दाखवला तर हात लावू नका. ग्रानात तुर्नोवच्या मालावर त्यांची रोमन 'जी'ची खूण असते आणि सोबत प्रमाणपत्र मिळतं. आणि यासाठी तुर्नोवलाच जायला हवं असं नाही. त्यांचं दुकान प्रागमध्येच द्लोउहा रस्त्यावर आहे, मी फसले तिथून पायी पंधरा मिनिटांच्या आत. हे आधी कोणी सांगितलं असतं तर!

चेलेत्ना रस्ता ते जुन्या शहरातला चौक, चौक ते कार्लोवा, पुढे चार्ल्स पूल ओलांडून मोस्तेत्स्का रस्ता, प्रागच्या या पट्ट्यात डोळे भरून बघा, पण पाकीट काढू नका. लाकडी बाहुलीत बाहुली असते ती रशियाची. गल्लोगल्ली निखाऱ्यावर फिरणारा त्रदेल्निक हा गोड पाव 'जुना चेक पदार्थ' म्हणून विकतात. तो प्रागचा जुना पदार्थ नाही, स्लोव्हाकियातल्या स्कालित्सा गावाच्या त्रदेल्निकला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. भूक असेल तर खा, आठवण म्हणून डबा बांधून आणू नका. पैसे बदलतानाही दर नीट वाचा. चुकून वाईट दराने बदललेच तर एक हजार युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांत रद्द करता येतो, २०१९ पासून कायदाच आहे. पावती मात्र टाकू नका.

मग आणायचं काय? माझं पहिलं मत मोद्रोतिस्कला, म्हणजे निळीत रंगवलेल्या ठशाच्या कापडाला. गडद निळ्यावर पांढरी फुलं. ठशाने आधी लेप लावतात, मग कापड निळीत बुडवतात, लेपाखालची जागा पांढरी राहते. आपल्या राजस्थानातल्या दाबू छपाईसारखंच तंत्र, आणि एके काळी ती नीळ भारतातूनच जात असे. २०१८ मध्ये हे तंत्र युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. मी एक टेबलक्लॉथ आणला, तो हातात घेऊन आई बराच वेळ बघत बसली. घेताना कापड उलटं करून पाहा, छापील नक्कल असेल तर मागची बाजू फिकी दिसते.

मुलांसाठी कोहिनूर पेन्सिली. आपल्या हिऱ्याचं नाव १८८९ मध्ये त्या पिवळ्या पेन्सिलीला दिलं, आणि कारखाना आजही चेस्के बुद्येयोवित्से या चेक शहरात आहे. स्वस्त, हलक्या, अस्सल. काचेत काही हवंच असेल तर पोनिक्ला गावचे, फुंकून केलेल्या काचमण्यांचे नाताळचे तारे घ्या, तेही २०२० पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. जड क्रिस्टलच्या फुलदाण्या मी बॅगेच्या वजनापायी घेतल्या नाहीत आणि त्याचं दुःख नाही.



एकाच दुकानात एका दिवसात २००० कोरुनांच्या वर खरेदी झाली तर करपरताव्याचा फॉर्म तिथेच मागा. विमानतळावर बॅग चेक-इनला द्यायच्या आधी कस्टम्सचा शिक्का घ्या, वस्तू दाखवायला सांगतात. आम्ही बॅग आधी दिली होती, ती परत मागवण्यात पाऊण तास गेला. आईसाठी तुर्नोवला पुन्हा घेतलेले कानातले मात्र पर्समध्ये होते.