आमची वाटचाल : आधी टायर, मग फ्रेम

वडिलांनी दुकान टाकलं तेव्हा सोलापूर मिलच्या भोंग्यावर चालत होतं. पाळी सुटली की दुकानासमोर काळ्या सायकलींची रांग लागायची. पंक्चर, हवा, चाकाचा आउट काढणं, वर्षाकाठी ओव्हरहॉलिंग, एवढ्यावर घर चालायचं. नव्वदच्या दशकात मिल बंद पडत गेल्या आणि ती गिऱ्हाइकं पांगली. मधली वर्षं मुलांच्या सायकलींवर निघाली. मग गिअरच्या सायकली आल्या, पहाटे हिप्परगा तलावाकडे, तुळजापूर रोडला जाणारी मंडळी दिसू लागली आणि आमच्या कामाचा बाजच बदलला.

या मंडळींचा पहिला प्रश्न आजही तोच असतो : धक्के कमी लागावेत म्हणून फ्रेम स्टीलची घेऊ, अ‍ॅल्युमिनियमची घेऊ की कार्बनची? आम्ही म्हणतो, आधी टायर दाखवा.

सायकलची फ्रेम म्हणजे दोन त्रिकोण. खड्ड्यातून आलेल्या धक्क्याने ती उभी अशी दबतच नाही म्हटलं तरी चालेल, मग ती कशाचीही असो. दबतो तो टायर. अ‍ॅल्युमिनियम वजनाला पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण ताठपणालाही एक तृतीयांशच. ती कसर भरून काढायला त्याच्या नळ्या मोठ्या घेराच्या करतात. पत्रा तेवढाच जाड ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर ताठपणा आठपट होतो! कार्बनमध्ये तर तंतू कोणत्या दिशेने घातले यावरच सगळं ठरतं. त्यामुळे नुसतं फ्रेम कशाची आहे हे ऐकून सायकल चालवायला कशी लागेल हे आम्ही कुणालाच सांगत नाही.

पूर्व भागात यंत्रमागाचा कारखाना असलेले एक काका आमच्याकडे आले ते कार्बनची फ्रेम घ्यायचं ठरवूनच. अक्कलकोटला सायकलवर जायचे आणि अर्ध्या वाटेतच तळहातांना मुंग्या यायच्या. दोष त्यांनी अ‍ॅल्युमिनियमला देऊन टाकला होता. सायकल स्टँडला लावली. टायर 23 मिलिमीटरचे, दोन्हींत 110 पौंड हवा. सीटचं नाक खाली झुकलेलं, म्हणजे अंगाचा भार सगळा हातांवर. आम्ही 28 चे टायर चढवले, त्यांच्या 75 किलो वजनाला पुढे 70 आणि मागे 75 पौंड हवा ठेवली, सीट सपाट केली, हँडलला जाड टेप गुंडाळली. पुढच्या खेपेला काका अक्कलकोटहून थेट दुकानात आले आणि दोन्ही तळवे उघडून दाखवले. फ्रेम अजून तीच आहे.

टायरनंतर आम्ही सीटची दांडी बघतो. 27.2 मिलिमीटरची दांडी 31.6 च्या दांडीपेक्षा जास्त लवते, आणि जितकी बाहेर काढलेली तितकी जास्त. मग स्पोकचा ताण सगळीकडे सारखा आहे का, हबचे छर्रे कसे आहेत. फ्रेमचा नंबर त्यानंतर.

तरी पोलादावर आमचा जीव आहे, तो वेगळ्या कारणाने. पोलादाला एका मर्यादेखालचे हादरे कितीही बसले तरी ते थकत नाही; अ‍ॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही. शिवाय पोलादी फ्रेमला चीर गेली तर ब्रेझिंग करून, म्हणजे पितळ वितळवून जोडून, ती पुन्हा रस्त्यावर आणता येते. अ‍ॅल्युमिनियम जोडलं तरी जोडाजवळचा भाग उष्णतेने मऊ पडतो, म्हणून तसल्या फ्रेमला आम्ही हात लावत नाही.

सध्या दुकानात मिलच्या काळातल्या काळ्या सायकली पुन्हा उभ्या करण्याचं काम चालू आहे. वीस किलोच्या आसपास वजन असूनही त्या चालवायला मऊ, कारण रुंद टायर, पुढचं चाक धरणारा, पुढे झुकलेला लांब चिमटा आणि स्प्रिंगची सीट. त्यांच्या 28 इंची म्हणवल्या जाणाऱ्या रिमचा व्यास, टायर बसतो तिथे, 635 मिलिमीटर. आजचे चांगले टायर 622 चे. रिम बदलली की ती सगळीकडून साडेसहा मिलिमीटर आत सरकते आणि जुना सळईचा ब्रेक जुळत नाही, म्हणून लांब हाताचे कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारे ब्रेक, बसवावे लागतात. घरात आजोबांची सायकल पडून असेल तर गंज कितीही असो, आम्हाला आणून दाखवा. नळ्या शाबूत असतील तर ती आम्ही नक्की चालती करून देऊ.