अमेरिकेत शिकवण्याआधी अडलेला माझा अर्ज

अमेरिकेतल्या विद्यापीठात पीएच.डी. करायला येणाऱ्या आपल्याकडच्या पुष्कळ विद्यार्थ्यांचे शुल्क आणि मानधन शिकवण्याच्या कामातून भागते. त्या बदल्यात पदवीच्या मुलांचा चर्चावर्ग किंवा प्रयोगशाळा त्यांच्याकडे सोपवली जाते. संख्याशास्त्र विभागाचे तसे पत्र मलाही आले होते. प्रवेश, व्हिसा, घर हे सारे सुरळीत पार पडले. मी अडले ती तोंडी इंग्रजीच्या प्रमाणपत्रापाशी, आणि ते देणाऱ्या कार्यालयावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

शिकवणाऱ्याचे इंग्रजी विद्यार्थ्यांना कळते की नाही, हे तपासण्याची सक्ती काही राज्यांत कायद्यानेच आहे. पेनसिल्व्हेनियाचा असा कायदा १९९० चा आहे. मला ही अट रास्तच वाटते. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेत बोलण्याच्या भागात ३० पैकी २६ गुण असले की अनेक विद्यापीठे पुढची परीक्षा माफ करत असत. माझे गुण त्याहून कमी होते, म्हणून दोन भाषाशिक्षक आणि एक पदवीचा विद्यार्थी यांच्यासमोर, कॅमेरा चालू असताना, मी प्रमाण विचलनावर दहा मिनिटांचा नमुना पाठ घेतला. निकाल 'सशर्त' आला. म्हणजे मला गृहपाठ तपासता येणार होता, शंका सोडवायला बसता येणार होते, पण वर्ग घेता येणार नव्हता. कारण म्हणून फक्त चार रकान्यांतले आकडे होते.

फेरपरीक्षेसाठी भाषेचा एक अभ्यासक्रम पूर्ण करावा लागत होता आणि त्या सत्रातल्या त्याच्या जागा भरून गेल्या होत्या. अभ्यासक्रमाऐवजी विभागाच्या शिफारशीवर परीक्षा देण्याची सोय होती. पण त्या अर्जावर, मी ज्या विषयाचा वर्ग घेणार त्याच्या मुख्य प्राध्यापकांची सही हवी होती, आणि प्रमाणपत्र नाही म्हणून विभागाने मला कोणताच विषय दिलेला नव्हता. कार्यालय म्हणे, विभागाला विचारा. विभाग म्हणे, निर्णय कार्यालयाचा. ईमेलला उत्तर म्हणून पुन्हा त्याच नियमावलीचा दुवा येई. आपल्या शिकवण्यात नेमके काय कमी पडते हे ज्याला सांगितलेच जात नाही, तो शिक्षक म्हणून सुधारणार कसा, हा माझा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

मार्ग निघाला तो विभागातल्या पदव्युत्तर कार्यक्रम समन्वयक बाईंमुळे. त्यांनी पुढच्या सत्रासाठी मला एका विषयावर तात्पुरते नेमल्याचे पत्र दिले आणि त्या पत्राच्या आधारे अर्जावर प्राध्यापकांची सही मिळाली. तेव्हा अशा अडचणीत प्राध्यापकांकडे जाण्याआधी समन्वयकांकडे जावे. नियमांतल्या वाटा त्यांना ठाऊक असतात. दुसरे म्हणजे, नमुना पाठाचे चित्रीकरण परीक्षकांसोबत बसून पाहू देण्याची लेखी विनंती करावी. मी ती केली आणि त्या एका बैठकीत मला सगळ्या रकान्यांपेक्षा जास्त कळले. उच्चारांबद्दल परीक्षक बाईंची फारशी तक्रार नव्हती. व्याख्या सांगताना कुठे थांबावे, कोणत्या शब्दावर जोर द्यावा आणि विद्यार्थ्याचा प्रश्न उत्तराआधी सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असा पुन्हा कसा मांडावा, एवढेच त्यांनी दाखवले. पहिल्याच दिवशी हे सांगितले असते, तर एक सत्र वाया गेले नसते.

फेरपरीक्षा उत्तीर्ण झाल्याचे कळले त्या दिवशी आईला फोन करताना माझा आवाज भरून आला होता.

वर्ग सुरू झाल्यावर मात्र उच्चारांचा प्रश्न कुणी काढला नाही. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतो आणि तीन सेकंद थांबला तर उत्तरे लांब आणि विचारपूर्वक येतात, हे अमेरिकी शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांचे निरीक्षण मला अध्यापन केंद्राच्या कार्यशाळेत कळले आणि वर्गात अक्षरशः खरे ठरले. उत्तरपत्रिका तपासताना एकेका मुलाची पूर्ण न तपासता सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा, असे तपासावे. गुण देण्यात सारखेपणा राहतो. सत्राच्या अखेरच्या मूल्यमापनाची वाट न पाहता चौथ्या-पाचव्या आठवड्यातच मुलांकडून निनावी अभिप्राय घ्यावा. हे आधी लिहायला हवे होते, पण आता आठवले म्हणून सांगते: गुणांची यादी दारावर लावण्याची आपल्याकडची सवय इथे चालत नाही. १९७४ च्या संघीय कायद्याने विद्यार्थ्याचे गुण खाजगी ठरवले आहेत, त्यामुळे तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठासुद्धा खोलीबाहेर ठेवता येत नाही.

प्रमाणपत्राची परीक्षा बाकी असेल, तर सत्र सुरू होण्याआधीच्या आठवड्यातल्या वेळा सर्वांत आधी संपतात हे ध्यानात ठेवून, राहायची जागा पक्की होण्याचीही वाट न पाहता परीक्षेची वेळ घ्यावी. आणि तोपर्यंत एखाद्या अनुभवी अध्यापन साहाय्यकाच्या वर्गात, त्याची परवानगी घेऊन, मागच्या बाकावर बसायला सुरुवात करावी. त्यासाठी कोणताही अर्ज भरावा लागत नाही.