सात वर्षं कुठल्या रुमालात बांधायची?

महिला व बालविकास विभागाच्या एका जिल्हा कार्यालयात मी आधी कनिष्ठ लिपिक होते, मग वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त झाले. जिल्ह्याचं नाव लिहीत नाही. पुढे मुलांविषयी लिहायचं आहे आणि आमचा जिल्हा असा, की नुसता तालुका सांगितला तरी लोक घरापर्यंत पोचतात.

माझ्याकडे बरीच वर्षं अभिलेखाचं काम होतं. सरकारी कागदाचं आयुष्य ठरलेलं असतं, हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. 'अ' वर्ग म्हणजे कायम. 'ब' म्हणजे तीस वर्षं, 'क' म्हणजे दहा, 'क-१' म्हणजे पाच आणि 'ड' म्हणजे काम संपल्यावर वर्षभर. आमच्याकडे फायली बांधायचे रुमालही त्याप्रमाणे: लाल, हिरवा, पिवळा, पांढरा. नवीन लिपिक आला की आधी हे पाठ करून घ्यायचं, मग बाकीचं.

बालन्याय मंडळाची, म्हणजे अठरा वर्षांखालच्या मुलांच्या गुन्ह्यांचा निवाडा करणाऱ्या मंडळाची, प्रकरणं यातल्या कुठल्याच रुमालात बसत नाहीत. बालन्याय अधिनियम २०१५ चं कलम २४ आणि त्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला नियम १४ सांगतो की विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्यात सापडलेल्या, बालकाच्या दोषसिद्धीचे कागद अपिलाची मुदत संपेपर्यंत किंवा सात वर्षं सुरक्षित ठेवायचे, त्याहून जास्त नाही, आणि मग नष्ट करायचे. २००७ च्या नियमांतही सातच वर्षं होती. पाच आणि दहाच्या मधलं हे सात टाकायचं कुठे? मी विचारलं तेव्हा साहेब म्हणाले, "क मध्ये टाका. दहात सात येतातच की."

येतात ना. पण कायद्याने 'निदान सात' म्हटलेलं नाही, 'सातच्या पुढे नाही' म्हटलंय. सरकारी दप्तराच्या सगळ्या सवयी याच्या उलट्या आहेत. कागद सापडला नाही म्हणून कारणे दाखवा नोटीस आलेले लोक मी पाहिलेत. कागद मुदतीनंतरही ठेवला म्हणून कुणाला नोटीस आल्याचं सबंध नोकरीत ऐकलं नाही. मग नष्ट करण्याच्या यादीवर सही करायला कोण पुढे येणार? लेखापरीक्षणवाले मागतील, माहिती अधिकारात कुणी मागेल, कोर्ट मागेल, 'राहू द्या सध्या'. हे 'सध्या' वाळवी लागेपर्यंत चालतं.

बरं, सात वर्षं मोजायची कुठून? मंडळाचा आदेश झाला त्या तारखेपासून, की आदेशानंतर मुलाला ठेवतात त्या विशेष गृहातून तो सुटला त्या तारखेपासून? आणि नियमात दोषसिद्धीच्या कागदांचा उल्लेख आहे. जो मुलगा निर्दोष ठरला त्याचे काय? किरकोळ गुन्ह्याची चौकशी चार महिन्यांत आणि वाढवून दिलेल्या दोन महिन्यांतही संपली नाही तर ती आपोआप बंद होते, असं कलम १४ म्हणतं. अशा बंद प्रकरणांचे गठ्ठे आमच्याकडे भरपूर होते. ज्याच्यावर काहीच सिद्ध झालं नाही, त्याचाच कागद नष्ट करण्याविषयी नियम मूग गिळून बसलेला. व्यवहारात त्या फायली सगळ्यांत जास्त टिकतात, कारण त्यांना हात लावायचं कारणच कुणाकडे नसतं.

या फाईलमध्ये असतं तरी काय? आदेश एखाददुसऱ्या पानाचा. जाड असतो तो सामाजिक तपासणी अहवाल, नमुना ६. परिवीक्षा अधिकारी मुलाच्या घरी जाऊन तो भरतात. बाप काय करतो, पितो का, आईचं आणि त्याचं पटतं का, घरात आधी कुणावर गुन्हा आहे का, शाळा का सुटली, मित्र कसे आहेत, बिडी, तंबाखू, जुगार, सगळं. एका अहवालात शेजारणीचं मत होतं: 'मुलगा चांगला आहे, परंतु आई बाहेरख्याली आहे.' चोरी झाली होती सायकलची. त्या बाईने काय केलं होतं, तर भाजी विकून रात्री उशिरा घरी यायची. परिवीक्षा अधिकाऱ्यांची चूक म्हणत नाही, त्यांना रकाना भरायचाच असतो आणि मंडळाला मुलाचं घर समजून घ्यायचंच असतं. पण तो कागद त्या एका निर्णयापुरता होता. आदेश झाल्यावर तो कपाटात कशाला हवा?

सात या आकड्यावरच माझा खरा राग आहे. सोळाव्या वर्षी आदेश झाला तर सात वर्षं तेविसाव्या वर्षी भरतात. आपल्याकडे पोलीस शिपाई भरतीचं वय खुल्या प्रवर्गाला अठरा ते अठ्ठावीस. अग्निवीर तर साडेसतराला सुरू होऊन तेविशीच्या आतच संपतो. म्हणजे खेड्यातला पोरगा पहाटे उठून रस्त्यावर पळतो ती सगळी वर्षं त्याची फाईल जिवंत, आणि भरतीचं वय उतरणीला लागलं की कायदा म्हणतो, आता पुसा.

एक बाई कार्यालयात यायच्या. मुलगा पंधराचा असताना मोबाईल चोरीत सापडला होता, मंडळाने समज देऊन आईच्या ताब्यात दिला. आता तो मैदानी आणि लेखी दोन्ही पास झालेला, हातात साक्षांकन नमुना, आणि त्यात रकाना: आपणावर कधी गुन्हा दाखल झाला होता काय?

"मॅडम, लिहायचं का नाही लिहायचं, एवढंच सांगा. वकील म्हणतो लिही, भरतीचे सर म्हणतात लिहिलंस तर मेलास."

"ताई, ते मी कसं सांगू? मी कारकून बाई."

"मग कुणाला विचारू?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि खरं तर कायद्याकडेही सरळ उत्तर नाही. कलम २४ म्हणतं की बालकाला त्या दोषसिद्धीमुळे कुठलीही अपात्रता लागणार नाही. कलम ७४ म्हणतं की प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी त्याचा रेकॉर्ड उघड करायचा नाही. त्याच कलमात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे, पण ती पेपरात किंवा इतर माध्यमांत मुलाची ओळख उघड करणाऱ्याला, पोलिसांवरच्या या मनाईला नाही. पण भरतीच्या नमुन्याखाली 'माहिती लपवल्यास सेवा समाप्त' हेही छापलेलं असतं, आणि माहिती दडवणं या मुद्द्यावर नोकऱ्या गेलेल्यांची प्रकरणं सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेली आहेत. अपात्र तर नाही, पण सांगितलं नाही तर खोटारडा. २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातल्या भरतीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं की अल्पवयातले आरोप खरे धरले तरी त्यावरून नोकरी नाकारता येणार नाही, कारण तो कलंक पुसून टाकणं हाच या कायद्याचा हेतू आहे. निकाल उत्तम. पण दिल्लीला जाऊन तो मिळवण्याइतकी ऐपत भाजीवालीच्या पोराची नसते.

मी त्यांना मंडळाकडे अर्ज करायला लावून आदेशाची प्रमाणित प्रत मिळवून दिली. मुलाने रकान्यात 'होय' लिहिलं, प्रत जोडली, कलम २४ चा उल्लेख केला. पुढे त्याची निवड झाली की नाही मला कळलं नाही. त्या नंतर आल्या नाहीत, आणि मी फोन करून विचारणं बरं दिसलं नसतं.

आता समजा आम्ही वेळेवर फाईल नष्ट केली. काय पुसलं जातं? मंडळाची फाईल. चौकशी चालू असताना मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाच्या आवक रजिस्टरात नाव आहेच. पोलीस ठाण्यात आहे. नियम ८ प्रमाणे निर्घृण गुन्हा (ज्याला कायद्यात निदान सात वर्षं शिक्षा आहे असा) किंवा मोठ्यांबरोबर केलेला गुन्हा सोडला तर मुलाविरुद्ध एफआयआर करायचाच नाही, स्टेशन डायरीत नोंद करायची. पण स्टेशन डायरीसुद्धा रेकॉर्डच की. सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या संगणक जाळ्यावर, चढलं असेल तर ते आमच्या सुतळीच्या गाठीपलीकडचं. सगळ्यांत वाईट प्रकार मोठ्यांबरोबर सापडलेल्या मुलांचा. मोठ्या आरोपींच्या दोषारोपपत्रात मुलाचं नाव, बापाचं नाव, पत्ता सगळं 'विधिसंघर्षग्रस्त बालक' या ठळक अक्षरांखाली असतं, आणि ते दोषारोपपत्र न्यायालयाच्या वेगळ्या नियमांनी जगतं. त्याची प्रत प्रत्येक आरोपीच्या वकिलाकडे. वर्तमानपत्राचं कात्रण वेगळंच. नष्ट करायचं तर यादी मंडळाने करावी, कुठे कुठे नोंद आहे ते लिहून प्रत्येक ठिकाणाहून पोच मागवावी. असा नमुना माझ्या टेबलावर कधी आला नाही.

सोळा ते अठरा वयाच्या ज्या मुलाला निर्घृण गुन्ह्यात प्रौढ म्हणून चालवून बाल न्यायालयाने दोषी ठरवलं, त्याचे कागद ठेवायचे, असा अपवाद कायद्यात आहे. त्याविषयी माझी तक्रार नाही. फक्त ते कपाट कुणी, कधी, कशासाठी उघडलं याचं रजिस्टर हवं.

आता माझ्या काही सहकाऱ्यांना न पटणारी गोष्ट. मुलाची फाईल लवकर नष्ट करा म्हणणारी मी, संस्थेची कागदपत्रं मात्र 'अ' वर्गात, लाल रुमालात बांधा म्हणते. निरीक्षणगृहाचं हजेरी रजिस्टर, स्वयंपाकघराचा शिधा, डॉक्टरांच्या भेटी, पळून गेलेल्या मुलांची नोंद, शिक्षा दिल्याची नोंद, तपासणी समितीचे शेरे, मृत्यू. आमच्याकडे हे सगळं 'क' किंवा 'ड' मध्ये जायचं, आणि त्याच्या नष्ट करण्याच्या यादीवर सही मात्र झटपट व्हायची! मुलाचा गुन्हा दहा वर्षं, मुलाला काय जेवायला घातलं ते एक वर्ष.

शीला बरसे या मुंबईच्या पत्रकार. ऐंशीच्या दशकात त्यांनी मानखुर्दच्या निरीक्षणगृहाविषयी मुंबई उच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मुलांना विनाकारण अडकवून ठेवतात, घरी पाठवायला उशीर होतो, कामाला लावतात, अशा तक्रारी होत्या. या तक्रारी तपासायच्या कशावर? कोण कधी आला आणि कधी गेला या रजिस्टरावरच ना. अमेरिकेत फ्लोरिडा राज्यात मुलांची एक सुधारशाळा १९०० पासून २०११ पर्यंत चालली. तिथल्या दफनभूमीत ३१ क्रूस उभे होते. विद्यापीठाच्या संशोधकांनी खोदकाम केलं तेव्हा ५५ कबरी निघाल्या. बाकीची मुलं कोण, हे शोधायला त्यांना शाळेच्या अर्धवट नोंदींवर आणि नातेवाइकांच्या डीएनएवर विसंबावं लागलं. आपल्याकडे डोंगरीचं निरीक्षणगृह ज्या जुन्या तुरुंगाच्या वास्तूत आहे, त्याच तुरुंगात १८८२ मध्ये टिळक आणि आगरकर १०१ दिवस होते. ते एकशे एक दिवस आपल्याला पाठ आहेत. नंतर तिथे राहून गेलेल्या मुलांचे दिवस कुणी मोजलेत?

आणखी एक कागद आहे, तो मुलाचाच असला तरी नष्ट होता कामा नये: वयाचा. अल्पवयीन असल्याचा दावा कुठल्याही टप्प्यावर, शिक्षा कायम झाल्यावरसुद्धा करता येतो, असं कलम ९ सांगतं. पुण्यात १९९४ मध्ये राठी कुटुंबाच्या घरात सात जणांचे खून झाले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. त्यातल्या फाशीची शिक्षा झालेल्या एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सोडलं. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तुरुंगात काढल्यावर ठरलं की घटनेच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता. ठरलं कशावरून, तर राजस्थानातल्या त्याच्या गावच्या सरकारी शाळेच्या नोंदीवरून. आपल्याकडे जनरल रजिस्टर म्हणतात तसली. त्याचं नाव सगळ्या पेपरांत आलं होतं, मी लिहीत नाही, कारण आता कायद्याने तो त्या वेळी बालक होता. त्या घरातल्या मेलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मलाही पडतो आणि त्याचं उत्तर मला देता येत नाही. पण साडेबारा वर्षांच्या मुलाला फाशी देता येत नाही, आणि ते वेळेत कळायला एक कागद पुरला असता.

म्हणून मी असं करीन. अपिलाची मुदत तीस दिवस. ती संपली, अपील नसेल, देखरेखीचा काळ संपला, की सामाजिक तपासणी अहवाल ताबडतोब नष्ट. आदेशाची आणि वय ठरवल्याच्या निष्कर्षाची प्रमाणित प्रत मुलाच्या हातात, शाळेचे मूळ दाखले परत. बाकी फाईल मोहोरबंद करून मुलगा एकवीसचा होईपर्यंत, मग पोचसकट सगळीकडून साफ. संस्थेची रजिस्टरं कायम. पन्नास वर्षांनी अभिलेखागारात अभ्यासकाला बघायची असतील तर मुलांची नावं झाकून.

हे कायद्यात येईल तेव्हा येईल. तोवर कुणाच्या घरात असं प्रकरण असेल तर दोन कामं स्वतः करा. निकाल लागला की लगेच मंडळाकडून आदेशाची प्रमाणित प्रत मागा, 'नंतर बघू' म्हणू नका, कारण नंतर फाईल सापडत नाही. आणि सात वर्षं झाली की मंडळाला साधा अर्ज द्या: अमुक प्रकरणाचे अभिलेख नियम १४ प्रमाणे नष्ट करून तसं लेखी कळवावं. अर्ज दोन प्रतींत न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पलीकडची बाई किंवा बुवा कटकट करेल. मीही करायचे, पण शिक्का मारायचे.