आज 14 मार्च

आजचा दिवस एका तारखेतच गेला. 14 मार्च 1879 ला आइनस्टाइनचा जन्म, 14 मार्च 2018 ला भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग गेले. दोघांनाही आयुष्य लाभलं 76 वर्षांचं. हॉकिंगना तर एकविसाव्या वर्षी डॉक्टरांनी जेमतेम दोन वर्षं दिली होती! हे वाचून मी बराच वेळ पुढे सरकलोच नाही. कार्ल मार्क्सही याच तारखेला गेले, 1883 साली. आइनस्टाइन त्या दिवशी चार वर्षांचे झाले होते.

शिवाय आज 'पाय दिवस'. पाय म्हणजे π, वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, साधारण 3.14. तारीख आधी लिहिणाऱ्या आपल्यासारख्यांना 3.14 चटकन दिसत नाही, महिना आधी लिहिला की दिसतं. 2019 मध्ये युनेस्कोने हाच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला.

तारखा जुळणं हा योगायोग, मान्य. पण मला खरा आनंद झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. आइनस्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाच्या समीकरणात 8π आहे. आणि कृष्णविवराच्या तापमानाचं हॉकिंग यांचं सूत्र, जे लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी चर्चमध्ये त्यांच्या स्मृतिशिळेवर कोरलंय, त्यातही 8π आहेच. हे 8π जुळणंही कदाचित योगायोगच असेल, पण एक नातं मात्र खरं: हॉकिंग यांचं काम आइनस्टाइनच्याच सिद्धांतावर उभं आहे.